मावशीला विचारा : ड्रॅगन, शिक्का आणि ध चा मा

मागच्या अंकात मी सहज एक ओळ टाकली की भाच्याच्या नादाने ‘द ड्रॅगन प्रिन्स’ बघायला घेतली आणि सातही सीझन संपवूनच उठले, तर पत्रांचा ढीग झालाय. मला वाटलेलं लोक म्हणतील मावशी या वयात कार्टून बघते, पण निम्म्या पत्रांत एकच सूर, तुम्ही इतिहास शिकवायचात ना, मग सांगा यातलं खरं मध्ययुग कुठलं आणि मनाचं कुठलं. तर हा अख्खा कॉलम त्यालाच.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. नेटफ्लिक्सवर सप्टेंबर २०१८ ला सुरू झाली, डिसेंबर २०२४ ला संपली, सात सीझन आणि दर सीझनला नऊ भाग. एकीकडे माणसांची पाच राज्यं, दुसरीकडे एल्फ आणि ड्रॅगन यांचा जादूचा मुलूख. कॅटोलिसचा राजा हॅरो मारला जातो, मग त्याचा धाकटा मुलगा एझ्रान, सावत्र मुलगा कॅलम आणि मारेकऱ्यांबरोबर आलेली एल्फ मुलगी रेला असे तिघं ड्रॅगनचं अंडं त्याच्या आईकडे पोचवायला निघतात. एवढं पुरे.

मावशी, कॅटोलिसचा किल्ला बघून वेडीच झाले! उंच निमुळते मनोरे, टोकदार छपरं... मध्ययुगात खरंच असे किल्ले होते का? असला तर सांगा, पैसे साठवून जाईन.
— कॉलेज रोडहून एक आर्किटेक्चरची विद्यार्थिनी

अगं जा की, पण बघून काय येशील ते ऐकून जा. आपल्या डोक्यात परीकथेतला किल्ला म्हणून जे चित्र बसलंय ना ते बरंचसं एकोणिसाव्या शतकातलं आहे. जर्मनीतला नॉयश्वानस्टाइन, ज्याचा फोटो सगळ्यांच्या कॅलेंडरवर असतो, तो बव्हेरियाच्या दुसऱ्या लुडविग राजाने १८६९ मध्ये बांधायला काढला, म्हणजे आपल्याकडे मुंबई-ठाणे आगगाडी धावायला लागून सोळा वर्षं झाली होती. फ्रान्समधलं कार्कासोन खरंच जुनं आहे पण त्याच्या बुरुजांवरची ती पेन्सिलच्या टोकासारखी छपरं, ती व्हियोले-ल-द्यूक नावाच्या आर्किटेक्टने १८५३ पासून जी दुरुस्ती काढली त्यातली, आणि तेव्हाही लोक त्याला बोलले होतेच की बाबा हे इथलं नाही.

मला विचारशील तर किल्ला छपरावरून नाही, पाण्यावरून ओळखावा. रविवारी सकाळी पेठच्या रस्त्याने रामशेजला जाऊन ये, चढायला तास पण लागत नाही, दिसायला अगदी साधा, आणि वर गेल्यावर खडकात खोदलेली टाकी बघ. १६८२ पासून मुघलांनी त्याला वेढा घातला आणि पुढची काही वर्षं तो पडला नाही, तो काय मनोऱ्यांच्या जोरावर? कॅटोलिसमध्ये इतके मनोरे आहेत पण पाणी कुठून येतं ते मला तरी कुठे दिसलं नाही.

मावशी, एक कळत नाही. राजा मेला, राजपुत्र पळाले, आता व्हायरनला (तो दरबारी जादूगार) कोण अडवणार? जादू येते, सोरेनसारखा पोरगा फौजेत आहे. मग तो पत्रं, शिक्का, कौन्सिलची परवानगी या कारकुनी भानगडीत का अडकतो? सरळ तलवार काढायची ना. बोअर झालं ते.
— सिडकोतला बारावीचा मुलगा

अरे, तुला जिथे बोअर झालं तिथेच मी सरसावून बसले! अख्ख्या सिरीजमध्ये सगळ्यात अस्सल मध्ययुगीन काही असेल तर ते हेच आहे. तलवारी, चिलखतं, घोडे हे दाखवायला सोपं असतं, ते कुठल्याही कार्टूनमध्ये मिळेल. पण राजा मेला की त्याचा शब्द कोणाच्या हातात जातो, ही मध्ययुगातली खरी मारामारी, आणि ती कागदावर व्हायची.

आठव, दुसऱ्या सीझनमध्ये व्हायरनला बाकीच्या चार राज्यांना बोलवायचंय. त्याच्या सहीला कोण विचारतो? राजाचा शिक्का पाहिजे, आणि कौन्सिलमधली ओपेली त्याला ठणकावते की तो अधिकार राजाचा. मग हा काय करतो, परवानगी नसताना शिक्का मारून पत्रं धाडतो, आणि पुढे तेच त्याच्या अंगाशी येतं. आता बघ की जो माणूस अख्खा राक्षस लोळवतो, तो मेणाच्या एका चकतीपुढे अडला. हे कोणा लेखकाच्या डोक्यातून आलेलं नाही, असंच होतं. इंग्लंडात राजाचा मोठा शिक्का असायचा, दोन्ही बाजूंनी उमटलेली मेणाची जाड चकती फितीला लटकवलेली, आणि राजा बदलला की नवा शिक्का पाडायचे, म्हणजे मेलेल्या राजाच्या नावाने कोणी हुकूम काढू नये. पोपचा शिक्का तर शिशाचा, त्याला ‘बुला’ म्हणायचे, त्यावरूनच पोपच्या फर्मानाला ‘बुल’ नाव पडलं (बैलाचा काही संबंध नाही, वर्गात दरवर्षी कोणीतरी विचारायचंच).

आणि आपल्याकडे? तू दिवसातून दहा वेळा ‘शिक्कामोर्तब झालं’ ऐकतोस, त्या शब्दात काय आहे कधी बघितलंस का? शिक्का आणि मोर्तब हे दोन वेगळे ठसे. शिक्का पत्राच्या वर, आणि मोर्तब अगदी शेवटी, मजकूर जिथे संपतो तिथे चिकटून. का? तर खाली कोणी गुपचूप एखादी ओळ वाढवू नये म्हणून. शिवाजी महाराजांची ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’ मुद्रा सगळ्यांना पाठ असते, पण पत्राच्या शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ असा दुसरा छोटा ठसा असायचा तो कोणी सांगत नाही. मर्यादा म्हणजे हद्द, इथे पत्र संपलं. मी पहिल्यांदा एका जुन्या पत्राचा फोटो जवळून बघितला तेव्हा मला त्या शेवटच्या ठशाचंच कौतुक वाटलेलं, अक्षराला इतका खेटून मारलेला की मध्ये एक ‘ही’ पण घुसणार नाही.

आता दोन राजपुत्र आणि एक मोठा माणूस, ही गोष्ट इंग्लंडात घडलेली आहे. १४८३ चा एप्रिल, चौथा एडवर्ड राजा वारला, मोठा मुलगा बारा वर्षांचा, धाकटा नऊ. काका रिचर्ड राज्याचा ‘प्रोटेक्टर’ झाला, म्हणजे पोरगं मोठं होईपर्यंत सांभाळणारा. जूनच्या शेवटी काकाच राजा झाला होता, तिसरा रिचर्ड. आणि ती दोन मुलं लंडनच्या टॉवरमध्ये होती, त्या उन्हाळ्यानंतर कोणाला दिसली नाहीत. यात काकाने लढाई केली नाही हे लक्षात घे. मुलांच्या आईबापाचं लग्नच कायदेशीर नव्हतं असं जाहीर केलं, कागद केला, कागदावर गादी घेतली. व्हायरन पण आधी काय करतो, राजपुत्र गेले असं धरून मुकुट घ्यायला बघतो, आणि खासगीत सोरेनला सांगून ठेवतो की ते परत येता कामा नयेत.

वाचताना तुला काहीतरी ओळखीचं वाटायला लागलं असेल, मला तर सिरीज बघतानाच वाटलं कारण मी राहते गंगापूर रोडला आणि रोज संध्याकाळी फिरायला जाते ती आनंदवल्लीकडे. राघोबादादांचा वाडा तिथे होता, गावाला नाव आनंदीबाईंवरून, आणि तो नवश्या गणपती पण त्यांनीच बांधला म्हणतात. पुतण्या नारायणराव पेशवा, वय अठरा, ३० ऑगस्ट १७७३, गणपतीचे दिवस, शनिवारवाडा. गारद्यांना दिलेल्या कागदात ‘धरावे’ होतं आणि त्याचं ‘मारावे’ झालं, ध चा मा, ही गोष्ट तुझ्या आजीने सांगितलीच असेल. अक्षर खरंच आनंदीबाईंनी बदललं का यावर भांडायला मी येत नाही, तिथे फिरायला जाणाऱ्या बायकांत त्यावरून दोन पार्ट्या आहेत. पण लोकांच्या लक्षात काय राहिलं? तलवार नाही राहिली, अक्षर राहिलं. आणि पुढे? नारायणरावांच्या बायकोला मुलगा झाला, बारभाईंनी चाळीस दिवसांच्या बाळाला पेशवाईची वस्त्रं दिली आणि राघोबादादा बाहेर. आता हे अठरावं शतक, याला मध्ययुग म्हणता येणार नाही, मला माहितेय, कोणी पत्र पाठवू नका. पण पाळण्यातलं पोर आणि त्याच्या नावाचा शिक्का हे दोन्ही ज्याच्या हातात, राज्य त्याचं, हा हिशोब जुनाच आहे. तर तो भाग परत बघ, या वेळी शिक्क्यावर नजर ठेवून.

मॅडम, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. मध्ययुगीन राजा म्हणायचा आणि कृष्णवर्णीय दाखवायचा, सेनापती बाई, ती पण बहिरी आणि हातांनी बोलणारी. हे आजचं सगळं त्या काळात घुसडल्यासारखं नाही वाटत?
— पंचवटीतून एक निवृत्त वाचक

अहो राग कसला. पहिली गोष्ट, कॅटोलिस काही युरोप नाही, तिथे चंद्रावरून ताकद घेणारे एल्फ आहेत, ते आपण मुकाट्याने चालवून घेतो आणि राजाच्या रंगावर अडतो, याची मला जरा गंमत वाटते. पण तुम्ही इतिहासाचं विचारलंय तर तिथेच येऊ.

जर्मनीत माग्देबुर्गच्या कॅथेड्रलमध्ये सेंट मॉरिसचा दगडी पुतळा आहे, साधारण १२४०-५० चा. त्याचा फोटो कुठून तरी मिळवाच. डोक्याला घट्ट बसलेली कड्यांच्या जाळीची टोपी, अंगावर चिलखत, आणि त्या जाळीतून बाहेर आलेला चेहरा स्पष्ट आफ्रिकन माणसाचा, नाक, ओठ, सगळं बघून-बघून घडवल्यासारखं. हा त्यांचा संत, इजिप्तकडच्या रोमन पलटणीचा सरदार, आणि तेराव्या शतकातल्या जर्मन कारागिराला तो असा दाखवण्यात काही चुकतंय असं वाटलं नाही. आणि आपण तर हे विचारूच नये. मलिक अंबर हबशातून (आत्ताचा इथिओपिया) गुलाम म्हणून विकत आलेला माणूस, निजामशाहीचा वजीर झाला, खडकी वसवली, म्हणजे आत्ताचं संभाजीनगर, आणि १६२६ ला मरेपर्यंत मुघलांना त्याने दम घेऊ दिला नाही. आपल्याच मातीतला आहे.

जनरल अमायाबद्दल तुमचं थोडं बरोबर आहे. ती जे हातांनी बोलते ती अमेरिकन साइन लँग्वेज आहे, आणि ती एकोणिसाव्या शतकात तयार झाली, अमेरिकेतल्या हार्टफर्डला १८१७ मध्ये बहिऱ्या मुलांची शाळा निघाली तिथून पुढे. पण हाताने बोलणं मध्ययुगाला नवीन नव्हतं. फ्रान्समधल्या क्लूनीच्या मठात साधूंना बराच वेळ मौन असायचं, मग पंगतीत भाकरी कशी मागणार? तर दोन्ही हातांचे अंगठे आणि बोटं जोडून गोल करायचा म्हणजे ब्रेड, कारण ब्रेड गोल. मासा पाहिजे तर हात शेपटीसारखा हलवायचा. अशा खुणांच्या याद्या लिहून ठेवल्यात त्यांनी. ते साधू बहिरे नव्हते, आणि त्याची पूर्ण भाषा काही झाली नाही, तरी पण. आमच्या स्टाफरूममध्ये हेडबाई आल्या की आम्ही चहा असाच मागवायचो.

बाई सेनापती? ताराराणींच्या राज्यात राहून हे विचारता, याला मी उत्तर देत नाही.

मावशी, ड्रॅगन खरे होते का? आणि ते इंग्लंडमध्येच का राहतात, इंडियात का नाही?
— इयत्ता पाचवी, सातपूर

बाळा, खरे नव्हते. पण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऐकून तू खूश होशील. मध्ययुगात तिकडे प्राण्यांची चित्रांची पुस्तकं असायची, त्यांना बेस्टियरी म्हणतात, सिंह, हत्ती, साप, आणि त्यांच्याच रांगेत ड्रॅगन. त्यात लिहिलेलं असायचं की ड्रॅगन जन्मतो इथिओपियात आणि हिंदुस्थानात, कारण तिथे सारखं गरम असतं! म्हणजे इंग्लंडातल्या मुलाला वाटायचं की ड्रॅगन इंडियात राहतात आणि तुला वाटतं ते इंग्लंडमध्ये राहतात. एप्रिल महिन्यात सातपूरला दुपारी दोनला बाहेर जाऊन बघ, त्यांचं अगदीच चुकलं असं नाही वाटणार.

आणि त्या पुस्तकांत ड्रॅगनचा मोठा दुश्मन कोण माहितेय? हत्ती. ड्रॅगन लपून बसतो, शेपटीने हत्तीच्या पायांना वेढा घालतो आणि गुदमरवून मारतो असं लिहिलंय. चित्र काढणाऱ्यांनी बऱ्याचदा हत्तीच बघितलेला नसायचा, म्हणून हत्ती डुकरासारखा दिसतो, सोंडेची तर तुतारीच केलेली असते. सिरीजमधला छोटा ड्रॅगन झिम मात्र कुत्र्याच्या पिल्लासारखा आहे, जुन्या पुस्तकातल्या ड्रॅगनसारखा अजिबात नाही.

मुलगी दिवसभर हवेत बोटाने काहीतरी काढते आणि मंत्र म्हणते, ‘आस्पिरो’ की काय. हे कुठल्या भाषेतलं आहे? काही वाईट-साईट नाही ना?
— इंदिरानगरहून एक आई

लॅटिन आहे हो, निदान त्या धाटणीचं, आस्पिरो म्हणजे मी फुंकर घालते. युरोपात तेव्हा चर्च, कोर्ट, औषध, विद्यापीठ सगळ्याची भाषा लॅटिन, आपल्याकडे संस्कृत तशी, त्यामुळे मंत्र म्हटला की लॅटिन हे ठरलेलंच. व्हायरनची मुलगी क्लॉडिया जी काळी जादू करते ती मात्र साधं इंग्रजीच असतं, उलटं म्हटलेलं. पोरांना आम्ही ‘च’ ची भाषा शिकवायचो त्यातला प्रकार. म्हणू द्या, फुंकर घालून झाली की भूगोलाचा अभ्यास पण होतोय का तेवढं बघा.

राणी सारायचा तो दुष्काळाचा भाग बघून मी आणि माझी सासूबाई दोघी रडलो. लेखकांनी हे कुठून घेतलं असेल?
— सिन्नरहून

लेखकांच्या मनातलं मी कसं सांगू, पण युरोपच्या मध्ययुगातला दुष्काळ म्हटलं की १३१५ ते १३१७ चाच आठवतो. तो पावसाने पडला, कमी पावसाने नाही. पाऊस थांबेचना, गहू शेतात कुजला, गवत वाळेना म्हणून जनावरं गेली, मीठ पण मिळेना कारण ऊन नाही. लोकांनी बियाणं खाल्लं आणि पुढच्या वर्षी पेरायला काही नाही. सिन्नरच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

सिरीजमध्ये शेजारच्या ड्युरेनच्या दोन राण्या मदत मागायला येतात, आणि कॅटोलिसच्या लोकांचंच भागत नसताना हॅरो धान्य देतो म्हणतो. मग व्हायरन तोडगा काढतो, राक्षसाचं काळीज आणायचं, जादूने दोन्हीकडची जमीन पिकवायची, आणि त्यात हॅरोची बायको साराय धरून तिन्ही राण्या जातात. मला ते बघताना मंगळवेढ्याचे दामाजीपंत आठवले. बहामनी सुलतानाच्या कोठारातलं धान्य न विचारता लोकांना वाटून टाकलं, आणि बिदरला पैसे भरायला विठू महार होऊन पांडुरंग गेला ही आपली कथा. फरक बघा, आपल्याकडे कोठार उघडलं की देव हिशोब चुकता करतो, तिकडे दिलेल्या शब्दाची किंमत राणीच्या जिवाने चुकवावी लागते. सासूबाईंना कुठली पटते ते कळवा, मला खरंच ऐकायचंय.

मावशी, शाळेच्या प्रोजेक्टसाठी हॅरोने कॅलमसाठी ठेवलेल्या पत्रासारखं बंद पत्र करायचंय. मेणबत्तीचं मेण ओतलं तर तडकतं आणि शिक्का चिकटून बसतो. काय करू?
— इयत्ता आठवी, नाशिकरोड

मेणबत्तीचं मेण नको रे. तेव्हा मधमाशीचं मेण वापरायचे, त्यात झाडाची राळ घालून, लाल पाहिजे तर शेंदरासारखा रंग. तू सरळ स्टेशनरीच्या दुकानातून लाखेची कांडी आण, पार्सलला सील करायची ती, मेन रोडला नक्की मिळेल. आणि लिहून ठेव प्रोजेक्टमध्ये, ही लाख युरोपात पत्रांवर आली ती सोळाव्या शतकात, इकडून हिंदुस्थानातून, म्हणजे खऱ्या मध्ययुगातल्या पत्रावर ती नसायची. सर खूश होतील.

मी आणि भाच्याने करून बघितलंय. कांडी मेणबत्तीवर धरायची (आई शेजारी पाहिजे, लाखेचा थेंब बोटावर पडला की निघत नाही, माझ्या अंगठ्यावर अजून डाग आहे), थेंब-थेंब पाडून रुपयाएवढी चकती करायची, लगेच शिक्का दाबायचा नाही, दहापर्यंत मोजायचं. शिक्का म्हणून आम्ही जुना पितळी बटण घेतला, पहिले दोन चिकटूनच बसले, भाचा रडायला आला. मग त्याच्या आजीने आतून ओरडून सांगितलं, अरे तुपाचं बोट फिरव आधी. फिरवलं, आणि सुटला की अलगद.